एकट्याचा खेळ, अनेकांची साथ

बारामती तालुक्यातील कन्हेरी हे गाव शहरी वाचकाला ठाऊक असते ते निवडणुकीच्या बातम्यांमुळे. येथील मारुती मंदिरात नारळ फोडून प्रचाराचा प्रारंभ करण्याची पवार कुटुंबाची प्रथा अनेक दशकांची आहे. एक माणूस मोठ्या समुदायासमोर उभा राहतो आणि बोलू लागतो, हे दृश्य त्यामुळे या गावाला नवे नाही. मात्र एकट्याने उभे राहून समुदायाला बांधून ठेवण्याची या परिसरातील परंपरा राजकीय सभेहून कितीतरी जुनी आहे. शेजारच्या काटेवाडीत आषाढवारीत तुकाराम महाराजांच्या पालखीला धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात, पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. तेथून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करीत पालखी इंदापूरला पोहोचते आणि वाटेतील मुक्कामांवर रात्री कीर्तन उभे राहते. अठराव्या शतकात याच बारामतीत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने राहून मोरोपंतांनी पुराणे सांगितली आणि हजारो आर्या रचल्या. आज त्याच शहरात विद्या प्रतिष्ठानच्या आवारात गदिमांच्या नावाचे सभागृह आहे.

कीर्तनकार एकटा, एकपात्री कलाकार एकटा, स्वतंत्र तबलावादन करणारा एकटा आणि पोवाडा गाणारा शाहीरही एकटाच. शाळेच्या स्नेहसंमेलनातील 'एकपात्री अभिनया'पासून नाट्यगृहातील तीन तासांच्या प्रयोगापर्यंत आपण हा शब्द सैलपणे वापरतो. परंतु या एकटेपणाचे अर्थ फार वेगवेगळे आहेत. जी माणसे मंचावर नाहीत, त्यांची जागा कोण भरून काढतो, असा प्रश्न विचारला की हा फरक स्पष्ट होऊ लागतो. कोठे ती जागा साथीदार भरतात, कोठे श्रोते, कोठे वृत्त आणि ताल, तर कोठे केवळ कलाकाराची नजर. एखादा प्रकार कलाकाराच्या पश्चात टिकतो की नाही, तेही बऱ्याच अंशी या उत्तरावरच ठरते.

मागे उभे असलेले

वारकरी कीर्तनापासून सुरुवात केलेली बरी, कारण वरकरणी तो एका माणसाचा कार्यक्रम वाटतो आणि प्रत्यक्षात तो तसा अजिबात नसतो. कीर्तनकार निरूपणासाठी एक अभंग घेतो. त्याच्या मागे टाळकरी ओळीने उभे असतात. बाजूला वीणेकरी आणि मृदंगी असतात. विवेचन करता करता कीर्तनकार आपल्या म्हणण्याला आधार म्हणून दुसऱ्या एखाद्या संतवचनाकडे वळतो. यालाच 'प्रमाण' देणे म्हणतात. प्रमाणाचे पहिले दोन-तीन शब्द त्याच्या तोंडून निघतात न निघतात तोच मागचे गायक ते उचलतात, चाल धरतात, टाळ वाजू लागतात, मृदंग चढतो. या दोन-तीन मिनिटांत कीर्तनकाराला श्वास मिळतो, पुढचा मुद्दा जुळवायला अवधी मिळतो आणि समोरच्या श्रोत्याला आत्ताच ऐकलेले मनात मुरवायला वेळ मिळतो.

ही सोय केवळ दम घेण्यापुरती नाही. ज्या वचनाचे दोन शब्द ऐकून मागची माणसे उरलेले पूर्ण करतात, ते वचन श्रोत्यांनाही पाठ असते. म्हणजे संहिता एकट्या कीर्तनकाराच्या मालकीची नाही, ती मंडपातील सर्वांची आहे. कीर्तनकार चुकला तर म्हातारा टाळकरी त्याला सावरू शकतो, प्रसंगी टोकूही शकतो. नाट्यगृहात असे काही घडण्याची कल्पनाही करवत नाही.

नारदीय कीर्तनाचा साचा याहून वेगळा. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, साथीला पेटी-तबला, आणि कीर्तनकाराच्या अंगी वक्तृत्वाबरोबरच गायन व अभिनय यांचीही तयारी असावी लागते. पुण्याच्या सदाशिव पेठेतील नारद मंदिर हे या परंपरेचे जुने केंद्र. येथे टाळकऱ्यांची रांग नाही. आख्यानातील राजा, राणी, दूत, सारथी ही सारी माणसे एकाच बुवांनी उभी करायची असतात. मात्र ते ही माणसे अभिनयाने जितकी उभी करतात, त्याहून अधिक वृत्ताने करतात, आणि नेमके येथेच मोरोपंतांचे ऋण मोठे आहे.

मोरोपंत 1729 मध्ये पन्हाळ्यास जन्मले आणि 1794 मध्ये बारामतीस निवर्तले. त्यांच्या रचनेला आपण सरसकट आर्या म्हणतो, पण छंदःशास्त्रानुसार ती बहुतांशी 'गीति' आहे. तिच्या प्रत्येक अर्धात 30 मात्रा असतात आणि शेवटी यमक येते. एवढ्या लहान चौकटीत एका पात्राचे बोलणे आणि दुसऱ्याचे उत्तर बसवण्यात पंतांचा हातखंडा होता. कीर्तनकाराला आणखी काय हवे? यमक आले की श्रोत्याला कळते, एकाचे बोलणे संपले. संवाद आर्येत सांगायचा, ओघवते वर्णन साकी किंवा दिंडीत, आणि युद्ध, मिरवणूक, गर्दी आली की कटाव घ्यायचा. अमृतराय (1698–1753) यांच्या नावाशी जोडला गेलेला कटाव हा प्रकार द्रुत गतीचा. शब्द एकमेकांवर आदळत येतात आणि एका गळ्यातून जमाव उभा राहतो. मंचावर सैन्य आणता येत नाही तेथे लय सैन्याचे काम करते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

या तंत्राची ताकद किती, याचा पुरावा महाराष्ट्राबाहेर मिळतो. एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनकार तंजावरला जात. मराठी राजांनी पोसलेले ते शहर. तेथे गाजलेल्या बुवांमध्ये मोरगावकर बुवा हे नाव ठळक आहे. आडनावाने नाते सांगितलेले मोरगाव बारामती तालुक्यातच, कऱ्हेकाठी आहे. त्यांच्या कीर्तनाचा प्रभाव तंजावरचे कृष्ण भागवतर (1841–1903) यांच्यावर पडला आणि तमिळ हरिकथेने साकी, दिंडी, ओवी हे मराठी प्रकार आपलेसे केले. संहिता आणि भाषा बदलली, तरी एकट्याने अनेकांना उभे करण्याची ही यंत्रणा तशीच्या तशी दुसऱ्या प्रांतात रुजली.

गाडगेबाबांनी (1876–1956) मात्र ही सारी यंत्रणाच बाजूला सारली. आख्यान नाही, आर्या नाही, शास्त्राधार तर नाहीच. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि श्रोते उत्तर देत. त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. निधनापूर्वी काही आठवडे मुंबईत वांद्रे येथे झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आजही ऐकता येते. ते ऐकताना लक्षात येते की समोरच्या गर्दीचा आवाज वजा केला तर त्या कीर्तनाचा अर्धा भागच नाहीसा होईल. येथे दुसरे पात्र म्हणजे प्रत्यक्ष समाज. शाहिराच्या पोवाड्यात हेच काम झीलकरी करतात. त्यांचा 'जी जी' हा निव्वळ पालुपदाचा भाग नसून ऐकणाऱ्यांच्या वतीने दिलेला होकार असतो. छत्तीसगढच्या पंडवानीत तर या होकाराला स्वतंत्र माणूसच नेमलेला असतो. तीजनबाईंनी जगभर पोहोचवलेल्या या प्रकारात गायिका हातातल्या तंबुऱ्याची गदा करते, धनुष्य करते, आणि शेजारचा 'रागी' मधूनमधून प्रश्न विचारून, हुंकार भरून कथा पुढे ढकलतो.

एकातून अनेक, अनेकांतून पुन्हा एक

मराठी रंगभूमीचा इतिहास या दृष्टीने पाहिला तर तो मोठा गमतीचा आहे. 1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा नाटकातील पदे सूत्रधार म्हणत असे आणि पात्रे त्यानुसार हावभाव व भाषणे करीत. म्हणजे कीर्तनकार अजून मंचावरच होता, फक्त त्याच्या पोटातील पात्रे बाहेर येऊन उभी राहिली होती. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि पात्रे स्वतःची पदे स्वतः गाऊ लागली. साकी, दिंडी कीर्तनातून नाटकात आल्या आणि सूत्रधार नांदीपुरता उरला.

पुढे बालगंधर्वांच्या काळात नाटकातच पुन्हा एकटा गायक अवतरला. पद सुरू झाले की कथानक थांबे, समोरचे पात्र स्तब्ध उभे राही, आणि 'वन्स मोअर' होत राहिला तर ते तसेच बराच वेळ उभे राही. रुक्मिणी त्या वेळी रुक्मिणी नसे, मैफलीतील गायक असे. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याच्या साथीला उस्ताद अहमदजान थिरकवा होते. स्वतंत्र तबलावादनात पुढे ज्यांचे नाव प्रमाण मानले गेले त्या कलावंताने नाटकातील पदांना साथ केली, ही बाब नाट्य आणि संगीत यांच्या सीमारेषा त्या काळी किती पुसट होत्या हे सांगण्यास पुरेशी आहे.

मग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्र उलट फिरले. पु. ल. देशपांडे यांनी 1961 मध्ये 'बटाट्याची चाळ' रंगमंचावर आणली आणि एका अभिनेत्यात अख्खी चाळ सामावली. नाटकात बाहेर पडलेली पात्रे पुन्हा एका माणसाच्या पोटात गेली. मात्र आता कीर्तनकाराचे संरक्षण नव्हते. टाळकरी नव्हते, सर्वांना पाठ असलेले वचन नव्हते आणि आर्येचे यमकही नव्हते.

नजर कोठे जाते?

तेव्हा हे काम होते कसे? आंतरशालेय स्पर्धांचे परीक्षक पुष्कळदा आवाज मोजतात. मुलाने म्हातारा काढला, बाई काढली, तोतरा काढला की गुण वाढतात. वास्तविक आवाज बदलणे हा या कलेतील सर्वांत सोपा आणि सर्वांत लवकर कंटाळवाणा होणारा भाग आहे. प्रेक्षकाला पात्र 'दिसते' ते बहुतेक वेळा नजरेमुळे. बाप मुलाशी बोलताना खाली उजवीकडे पाहतो आणि मुलगा उत्तर देताना वर डावीकडे. या दोन नजरा जेथे मिळतात तेथे दुसरे पात्र आपोआप उभे राहते. कलाकाराने ही उंची एकदा जरी चुकवली तरी मूल अचानक बापाएवढे होते आणि खेळ विसकटतो. दुसरी गोष्ट विरामाची. फोनवर बोलणारे पात्र पलीकडचे बोलणे ऐकते, तेवढ्या अर्ध्या क्षणाच्या शांततेत ते बोलणे प्रेक्षक स्वतः रचतो. कलाकाराने न उच्चारलेले वाक्य प्रेक्षकाला ऐकू येणे, ही या प्रकाराची खरी कसोटी होय.

जपानमधील 'राकुगो' या कथनप्रकाराने हे तत्त्व नियमाच्या पातळीवर नेले आहे. कथक उशीवर गुडघे मोडून बसतो आणि कार्यक्रम संपेपर्यंत उठत नाही. हाताशी एक पंखा आणि एक कापडी रुमाल. चेहरा एका बाजूला वळवला की एक पात्र, दुसऱ्या बाजूला वळवला की दुसरे. तेवढ्यावर कथेतील सारी माणसे, त्यांचे जेवण, भांडण, पत्रलेखन सगळे होते.

मराठीत या तंत्राचा सर्वांत दमदार वापर लक्ष्मण देशपांडे (1943–2009) यांनी केला. मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या या कलावंताने 1979 पासून 'वऱ्हाड निघालंय लंडनला' सादर केले. सुमारे तीन तास, 52 पात्रे. विक्रमांच्या पुस्तकांत त्याची नोंद झाली आणि लोकांच्या तोंडी तो आकडा बसला. आकड्याने या प्रयोगाचे थोडे नुकसानही केले, असे म्हणावे लागेल. 52 हा आकडा ऐकून गेलेला प्रेक्षक मोजत बसतो, आणि प्रयोगाची खरी कमाई तर वेगळीच आहे. मराठवाड्यातील एका गावातली माणसे विमानात बसतात तेव्हा त्यांच्या बोलीचा, भाबडेपणाचा आणि हट्टाचा पोत एकाच माणसाच्या अंगातून दर वेळी वेगळा उमटतो. पात्रे वेगवेगळी असली तरी गाव एक आहे, हे प्रेक्षकाला जाणवत राहते.

येथे एक गल्लत टाळायला हवी. दिलीप प्रभावळकरांच्या 'हसवाफसवी'तील सहा भूमिका हा बहुरूपी अभिनयाचा आविष्कार आहे. तेथे वेशभूषा, रंगभूषा बदलते, मंचावर इतर कलाकारही असतात. त्यात कौतुक रूपांतराचे आहे. एकपात्रीत वेश बदलत नाही आणि म्हणूनच सारा भार प्रेक्षकाच्या कल्पनेवर पडतो.

आणखी एक शाखा म्हणजे एकच व्यक्ती साकारणारा प्रयोग. सदानंद जोशी यांचे 'मी अत्रे बोलतोय' हे त्याचे ठळक उदाहरण. अमेरिकेत हॅल होलब्रुक यांनी 1954 पासून 2017 पर्यंत मार्क ट्वेन उभा केला. भूमिका सुरू झाली तेव्हा त्यांना म्हातारा दिसण्यासाठी रंगभूषा करावी लागे, अखेरच्या वर्षांत ते ट्वेनच्या वयाच्या पुढे गेले होते. या प्रकारात अनुपस्थित पात्रांची जागा भरण्याचा प्रश्नच बदलतो. गैरहजर असतो तो प्रत्यक्ष तो थोर माणूस, आणि प्रेक्षक त्याला ओळखतो या गृहीतावर प्रयोग उभा असतो. सुषमा देशपांडे यांनी 1989 मध्ये 'व्हय, मी सावित्रीबाई' सुरू केले तेव्हा मात्र हे गृहीत त्यांना उपलब्ध नव्हते. अत्र्यांचा आवाज, त्यांची ढब, त्यांचे विनोद लोकांनी ऐकले होते. सावित्रीबाई फुले कशा बोलत, हे ऐकलेले कोणी हयात असणे शक्यच नव्हते. त्यामुळे नक्कल हा मार्गच बंद. उरते ते समोर बसलेल्या बायामाणसांशी थेट बोलणे. म्हणूनच हा प्रयोग नाट्यगृहाइतकाच गावच्या चावडीवर, शाळेच्या पटांगणात शोभतो आणि कुळाने तो नाटकापेक्षा गाडगेबाबांच्या कीर्तनाला अधिक जवळचा वाटतो.

कथाकथनाचा स्वभाव या सर्वांहून संयमी. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या त्रयीने महाराष्ट्रभर फिरून कथा सांगितल्या. मिरासदारांचा जन्म अकलूजचा. इंदापूर सोडून पालखी सराटीवरून नीरा ओलांडते, त्यानंतर लागते ते हे गाव. या तिघांनी पात्रे फारशी 'काढली' नाहीत. निवेदक म्हणून ते कथेच्या कडेला उभे राहिले आणि संवाद आला की आवाजाला किंचित कल दिला. अभिनय वाढला की कथा आकसते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पुलंनाही ते ठाऊक होते. चाळीच्या अखेरच्या 'एक चिंतन' या भागात विनोदी पात्रे मागे सरतात आणि निवेदक एकटाच उरतो, तो काही योगायोग नव्हे.

गायकाला सोंग घ्यावे लागत नाही

संगीतात आल्यावर सारे गणित बदलते. याचे सर्वोत्तम उदाहरण गदिमांच्याच 'गीतरामायणा'चे. 1955–56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून त्यातील 56 गीते प्रसारित झाली तेव्हा निरनिराळ्या पात्रांसाठी निरनिराळे गायक होते. सीतेची गीते माणिक वर्मांनी गायिली, वसंतराव देशपांड्यांसारख्यांचाही त्यात सहभाग होता. पुढे संगीतकार सुधीर फडके यांनी गावोगावच्या कार्यक्रमांत हे सगळे एकट्याने गायिले. कौसल्या, शूर्पणखा, सीता, लव-कुश सारे त्यांच्याच आवाजात. आणि कोणत्याही श्रोत्याला ते खटकले नाही! फडक्यांनी सीतेसाठी आवाज बारीक केला नाही, शूर्पणखेसाठी डोळे वटारले नाहीत. राग बदलला, लय बदलली, शब्दांवरचा भार बदलला. एखाद्या नटाने हीच 56 गीते गद्य संवाद म्हणून बोलायची ठरवली असती, तर त्याला प्रत्येक वेळी शरीर बदलावे लागले असते. सुरांतून व्यक्ती दाखवावी लागत नाही, तिची अवस्था दाखवली तरी पुरते. एकपात्री नट आणि एकल गायक यांच्यात याहून मोठा भेद नसावा.

ख्यालगायनात तर पात्रेच नाहीत. तरीही गायक एकटा नसतो. मागे दोन तानपुरे, डावी-उजवीकडे तबला व पेटी. तानपुरा काहीच 'म्हणत' नाही आणि त्याच्याविना काहीच म्हणता येत नाही. तबल्याचा ठेका ही गायकाला दिलेली जमीन आहे. तो तिच्यावरून दूर जातो आणि समेवर परततो. सवाई गंधर्व महोत्सवात हजारो श्रोते समेला एकदम मान हलवतात, तेव्हा प्रत्येक जण ते आवर्तन मनात मोजत होता एवढे सिद्ध होते. स्वतंत्र तबलावादनात हीच भूमिका उलटते. पेटी किंवा सारंगीवर लेहरा वाजतो, तीच स्वरावली पुन्हा पुन्हा, कोणताही बदल न करता. पेशकार, कायदा, रेला असे टप्पे घेत वादक कितीही दूर जावो, लेहरा धरणाऱ्याने हलायचे नाही. हे काम कंटाळवाणे दिसते. ते करणारा माणूस चळला तर मात्र बड्या उस्तादाचाही हिशेब कोसळतो.

साथीशिवाय एकट्या वाद्याचे उदाहरण युरोपात सापडते. बाखने 1720 मधील हस्तलिखितात नोंदवलेल्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या रचनांत मागे काहीच नाही, तानपुराही नाही. तरीही ऐकताना दोन-तीन स्वररेषा एकाच वेळी चालल्याचा भास होतो. वादक खालच्या पट्टीतील एक स्वर वाजवून सोडतो, वर निघून जातो, पुन्हा खाली येतो. मधल्या काळात तो खालचा स्वर श्रोत्याच्या कानात चालूच राहतो. ही युक्ती वर सांगितलेल्या बाप-मुलाच्या नजरेसारखीच आहे. एक टोक दाखवायचे आणि दुसरे समोरच्याकडून पूर्ण करून घ्यायचे. नट डोळ्यांना फसवतो, व्हायोलिनवादक कानाला.

आणि याच्या बरोबर विरुद्ध टोकाला बैठकीची लावणी. वाईच्या यमुनाबाई वाईकर (1915–2018) बसून गात. एकच ओळ त्या पुन्हा पुन्हा घेत. दर वेळी हात, भुवई, मान यांतून तिचा निराळा अर्थ दाखवीत. एकदा लटका राग, एकदा विनवणी, एकदा टोमणा. एकपात्री नट एका शरीरात अनेक माणसे आणतो. अदाकारी करणारी गायिका एका ओळीत एकाच बाईची अनेक मने आणते. यात अवघड काय, असा वाद घालण्यात अर्थ नाही. पण वय वाढत गेले तरी दुसऱ्या प्रकारातील कस कमी होत नाही, हे मात्र यमुनाबाईंनी दाखवून दिले.

पश्चात काय उरते?

नवनवे कलाकार एकल प्रयोगाकडे वळतात त्यामागे कलेइतकेच अर्थकारणही असते. नेपथ्य कमी, प्रवासखर्च कमी, तालमीच्या वेळा जुळवण्याची कटकट नाही. संस्थांनाही ते परवडते. स्टँडअप कॉमेडीने तर खुर्चीही काढून टाकली आहे, एक माइक पुरतो. याच ओघात साथीदारही वगळले जात आहेत. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आता सर्वत्र रुळला आहे. मोबाइलवरील अ‍ॅप लेहरा वाजवून देते, ट्रॅकवर गाणे होते. यंत्र चळत नाही हे खरे. पण कलाकार चुकला तर यंत्र त्याला सावरून घेत नाही, आणि रंगला तर थांबतही नाही.

मुख्य प्रश्न वारशाचा आहे. ज्या प्रकारांत मोकळी जागा समूहाने वा शास्त्राने भरलेली आहे, तेथे माणूस गेला तरी प्रकार चालू राहतो. वारकरी कीर्तनकार बदलतो, अभंग तोच असतो. बंदीश गुरूकडून शिष्याकडे जाते आणि तिने थोडे बदलावे अशीच अपेक्षा असते. एकपात्री प्रयोग मात्र कर्त्याच्या शरीराला चिकटलेला असतो. पुलंनी आपले प्रयोग ऐन भरात थांबवले. 'चाळ' त्यानंतर पुस्तकात आणि ध्वनिचित्रफितीत राहिली. 'वऱ्हाड'ला मात्र वारस मिळाला. लक्ष्मण देशपांडे यांच्या निधनानंतर संदीप पाठक यांनी तो प्रयोग रंगमंचावर आणला. तुलना अटळच होती. परंतु दुसऱ्या कोणी हात लावताच एखादी संहिता खासगी मालमत्तेतून परंपरेत शिरते, आणि मराठी एकपात्रीत असे फार थोड्या वेळा घडले आहे. बऱ्याच प्रयोगांची छापील संहितासुद्धा मिळत नाही. शाळेतील मुले मग दूरचित्रवाणीवरील विनोदांचे तुकडे जोडून 'एकपात्री' करतात, त्यांना दोष तरी कसा द्यावा?

समूह असला म्हणजे प्रकार टिकतोच, असेही नाही. जात्यावरची ओवी गाणारी बाई श्रोत्यांसाठी गात नव्हती. पहाटेच्या अंधारात समोर दुसरी बाई असली तर असली, नाही तर जात्याची घरघर हीच तिची साथ. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जाते थांबले आणि साथ गेली तशी ओवीही थांबली. गी पॉइट्व्हँ आणि हेमा राइरकर यांनी पुणे जिल्ह्यासह अनेक भागांत फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवून घेतल्या नसत्या, तर आज त्यांचे पुरावेही उरले नसते.

कीर्तन आजही जोरात आहे. मोबाइलवर त्याचे तुकडे फिरतात. पण त्या तुकड्यांत बहुधा विनोद असतो, प्रमाण नसते, कारण टाळकरी चाल धरतात ती दोन मिनिटे चित्रफितीतून प्रथम कापली जातात. सप्ताहाच्या फ्लेक्सवरही कीर्तनकाराचे छायाचित्र मोठे, मृदंगाचार्य व गायनाचार्य यांची नावे बारीक अक्षरांत, आणि टाळकऱ्यांसाठी 'समस्त भजनी मंडळ' एवढाच उल्लेख. बारामती-इंदापूरच्या गावांतून सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. दहीहंडी फुटते, काला वाटला जातो. बुवांची गाडी पुढच्या गावाकडे निघते, आणि भजनी मंडळातील माणसे टाळ पिशवीत घालून आपापल्या शेताची वाट धरतात.